पोळ्यासाठी बैलजोडीचं चित्र, मार्करनं, मोठेबाबांना द्यायला (स्टेप बाय स्टेप टाकते)

कोठ्यावरची
नमस्कार मंडळी. पोळा जवळ आला. आमच्या कोठ्यात गवळाऊ जातीच्या बैलांची जोडी आहे अन् मोठेबाबांचा सगळा जीव त्या जोडीत. दर पोळ्याला आम्ही त्यांना शर्टपीस देतो अन् तो घडी न मोडता पेटीत जाते, म्हणून यंदा जोडीचंच चित्र काढून द्यायचं ठरवलं. ए३ साईज, अल्कोहोल मार्कर, एकदम डिटेलमध्ये, म्हणजे मठाटी (कपाळावरचा साज), झूल, घोगरमाळ (गळ्यातली घुंगरांची माळ), शिंगाच्या शेंब्या (टोकावरच्या टोप्या) सगळं दिसलं पाहिजे. मार्करनं इतकं बारीक काम होते कसं असं इथं अधूनमधून कोणी ना कोणी विचारत असते, तर जसं जसं होईल तसं टाकत जाते. तुम्ही पण सांगा.

सुरवात फोटोपासून. पोळ्याच्या दिवशीचे फोटो भरपूर आहेत, पण सगळे तोरणाखालचे, भर उन्हातले अन् अर्ध्या फोटोत कोणाचं तरी डोकं. त्याचा उपयोग फक्त साज पाहायला. अंगासाठी मी सकाळी कोठ्यासमोर वेगळे फोटो घेतले, ऊन एका बाजूनं येते तेव्हा, कारण दुपारी डोक्यावरच्या उन्हात बैल सपाट दिसते, ना फासळी दिसत ना खांदा. अन् मोबाईल तोंडाजवळ नेऊन काढू नका, नाक भलंमोठं अन् मागचं अंग बारकं येते. पाचसात पावलं मागं जा, झूम करा, अन् खाली बसून बैलाच्या डोळ्याच्या लेव्हलला काढा.

मग फोटोची ए४ प्रिंट काढली, झेरॉक्सवाल्याकडून ती १४१ टक्के मोठी केली की बरोबर ए३ होते. ती खिडकीच्या काचेवर लावून वरून चांगल्या कागदावर पेन्सिलनं उतरवली. कागद ब्रिस्टल, एकदम गुळगुळीत. एवढं झालंय. पुढची स्टेप लाईन की कलर आधी, त्यावर बोला.

तुरीचंवावर
ताई चित्र तं पाहूच, पण एक गोष्ट ध्यानात ठेवजो. तुमचे मोठेबाबा रंग नाई पाहणार. पह्यले वशिंड पाह्यतीन, मंग खूर पाह्यतीन, मंग म्हणतीन हा आपला नाई. आमच्या बुढ्याले म्या एक बार मोबाईलमधला लय भारी पेंटिंगचा बैल दाखवला तं म्हणे याचे मागचे पाय घोड्याचे लावले कोन. शहरातले चित्रवाले बैलाले घोड्याचेच पाय लावतेत राजेहो.

ड्रॉईंगमास्तर
वरच्या भाऊंशी शंभर टक्के सहमत. बेटा, काचेवर ठेवून उतरवलंस ते चालेल, पण त्यात डोळा झोपतो, हात फक्त रेघेमागे पळतो. मी मुलांना चौकोनांची पद्धत शिकवायचो. ए४ फोटोवर २ सेंमीचे चौकोन, ए३ वर तेच २.८ सेंमीचे, आणि एकेक चौकोन बघून काढायचा. वेळ जास्त जातो, पण वशिंड मानेच्या नेमकं कुठे सुरू होतं हे प्रत्येक चौकोनात मोजावं लागतं, म्हणून चुकत नाही. आता तू ट्रेस केलंच आहेस तर निदान चार जागा फोटोशी पुन्हा ताडून बघ: वशिंड, मानेखालची पोळी, मागच्या पायाचा सांधा आणि खुराची फट. गवळाऊचं तोंड लांब आणि अरुंद असतं, शिंगं आखूड. खिल्लारीसारखी लांब शिंगं काढलीस तर जातच बदलेल.

कोठ्यावरची
सर, ताडून पाहिलं. पोळी थोडी जास्त लोंबत होती ती वर घेतली. शिंगं आमच्या पवन्याची तर फारच आखूड आहेत, त्यावर शेंबी चढवली की शिंग जवळपास संपतेच 😄

फाईनलायनर_वेडी
पुण्यातून हाय! धागा मस्त चाललाय. लाईन आधी की रंग आधी, तर मी कायम रंग आधी म्हणते. अल्कोहोल मार्कर खालची शाई उचलू शकतो, वॉटरप्रूफ लिहिलेलं पेनसुद्धा अल्कोहोलपुढे टिकेलच असं नाही, आणि मग काळी रेघ पांढऱ्या अंगात पसरली की काय करणार? आधी रंग, पूर्ण वाळू द्यायचा, मग पिगमेंट इंकच्या पेननं बारीक काम. पेन्सिल मात्र अगदी फिकी ठेव. मार्कर वरून गेला की खालची पेन्सिल पक्की बसते, खोडरबरनं निघत नाही, आणि निब पण काळवंडते. मी तर रंग भरायच्या आधी पेन्सिलच्या रेघा मळीव रबरानं दाबून दाबून जेमतेम दिसतील एवढ्याच ठेवते.

बर्डीवाला
ताई मी नागपूरचा, आर्ट मटेरियल माझा रोजचा धंदा. सोपी आयडिया सांगतो. लाईनवर्क साध्या कागदावर काळ्या पेननं करा, मग त्याची जाड गुळगुळीत कागदावर झेरॉक्स मारा आणि त्या झेरॉक्सवर मार्कर चालवा. टोनर अल्कोहोलनं विरघळत नाही. कोपिक मार्कर जपानमध्ये १९८७ मध्ये आले तेव्हा डिझाईनवाले लोक झेरॉक्सवरच रंगवायचे, त्यांच्या उपयोगाचे म्हणूनच ते चालले. तुम्हाला कोपिक घ्यायची गरज नाही, एकेक पेन काही शे रुपयांचं पडते, आपले ड्युअल टीपवाले सेट पण त्याच जातीचे. फक्त झेरॉक्स म्हणजे टोनरवाली लेझर मशीन पाहिजे, घरातला इंकजेट प्रिंटर नको. आणि दुकानदाराला आधी विचारा, सगळ्या मशीन जाड कागद ओढत नाहीत, बायपास ट्रेमधून टाकावा लागते.

फायदा काय, एक बिघडला तर दुसरा हाजीर.

फाईनलायनर_वेडी
हे चांगलंय, पण झेरॉक्सची रेघ सगळीकडे सारखीच काळी येते ना. पांढऱ्या बैलाच्या पाठीवर उजेडाच्या बाजूला काळी रेघ म्हणजे कार्टून.

कोठ्यावरची
दोघांचं ऐकलं अन् मधला रस्ता काढला. लाईनवर्क वेगळ्या कागदावर केलं, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून साध्या पातळ कागदावर काही कॉप्या काढल्या, त्या फक्त रंगाच्या प्रॅक्टिससाठी. पातळ कागदावर मार्कर आरपार जाते म्हणून खाली जाड पुठ्ठा ठेवला. फायनल मात्र ब्रिस्टलवरच, रंग आधी अन् रेघ मागून. ताईचं पाठीच्या रेघेबद्दलचं पटलं. सावलीच्या बाजूला, म्हणजे पोटाखाली, पोळीखाली, मागच्या पायाच्या आत, तिथं रेघ जाड देईन, पाठीवर जवळपास नाहीच.

आता खरं दुखणं. बैल पांढरे आहेत. मार्करमध्ये पांढरा रंगच नाही. एका कॉपीवर मी फिका ग्रे फिरवून पाहिला तर बैल सिमेंटचा झाला. काय करावं?

तुरीचंवावर
पांढरा हाये तं सोडून द्या कागद तसाच. काहून रंगवता 😂

ड्रॉईंगमास्तर
हसू नका, भाऊंनी बरोबर सांगितलं आहे, फक्त अर्धं. पांढरा बैल रंगवायचा नसतो, त्याच्या मागची भिंत रंगवायची असते. मागे कागद पांढरा आणि बैलही पांढरा असेल तर तू अंगावर कितीही ग्रे घातलास तरी तो मळकाच दिसेल, कारण चित्रात सगळ्यात उजळ जागा बैल नसून रिकामा कागद आहे. मागे मध्यम गडद रंग आण. कोठ्याची मातीची भिंत घे, निंबाची हिरवी सावली घे, काहीही, आणि ते सगळ्यात आधी कर. भिंत झाली की बैलाला अजून हात न लावताही तो पांढरा दिसायला लागेल. मग त्याच्या अंगावर किती कमी ग्रे लागतो ते बघ.

दुसरं, ग्रे एक नसतो. उन्हाच्या बाजूला वळणारी सावली किंचित उबदार, मातीचा उजेड पोटाखाली परत येतो तिथे तर जवळपास बदामी. आणि आभाळाकडे तोंड असलेली सावली थंड, निळसर. गवळाऊच्या नराला मान, वशिंड आणि खांद्यावर मुळातच राखाडी झाक असते, ती सावली नव्हे, ती कातडीचा रंग आहे. दोन्ही एकाच पेननं केलंस तर गोंधळ होईल.

कोठ्यावरची
सर 🙏 हे वाचून प्रॅक्टिस कॉपीवर भिंत करून पाहिली. खरंच हो. मधे बैलाला काहीच केलेलं नाही तरी उठून दिसते.

तर हे आत्तापर्यंतचं, सविस्तर लिहिते, कारण मला व्यनि करून विचारणारे पण आहेत.

आधी चार्ट. मार्करच्या टोपणाचा रंग अन् कागदावरचा रंग एक नसते, म्हणून त्याच ब्रिस्टलच्या तुकड्यावर सगळ्या पेनाची एकेक पट्टी ओढून नंबर लिहिला. माझ्या सेटमध्ये वॉर्म ग्रे अन् कूल ग्रे दोन्ही आहेत, नंबर जेवढा मोठा तेवढा गडद. हे काम दिवसाच करा. रात्री आमच्याकडं पिवळा बल्ब, त्याच्याखाली वॉर्म कोणता अन् कूल कोणता ते सांगताच येत नाही, वरून श्रावणातली लाईट कधी जाईल नेम नाही.

भिंत केली चपट्या निबनं. मोठा भाग भरताना थांबायचं नाही, मागची कड ओली आहे तोवरच पुढची पट्टी तिला चिकटून ओढायची. कड वाळली की पट्टा दिसते. पण मातीच्या भिंतीवर पट्टे दिसले तर उलट चांगलंच दिसते, पोतारा दिल्यासारखे, म्हणून मी दोनतीन ठिकाणी मुद्दाम थांबले. बैलाच्या कडेशी आल्यावर रेघेपर्यंत जायचं नाही, जराशी जागा सोडायची, शाई स्वतःहून थोडी सरकते.

मग अंग. वॉर्म ग्रे एकपासून सुरू. फिका आधी, त्यावर मधला, अगदी कोपऱ्यात गडद, अन् मग उलटं परत यायचं, गडदच्या काठावरून मधला, मधल्याच्या काठावरून फिका. सगळं ओलं असतानाच. त्यानं कड विरघळते. खांद्याच्या गोलाईवर पेन टेकवून उजेडाच्या दिशेनं झटकायचं, रेघ शेवटी आपोआप बारीक होते, अन् केसांची दिशा पण त्यातच येऊन जाते. फासळ्यांवर मी फक्त दोन फटकारे मारले, जास्त मारले तर बैल उपाशी दिसते अन् मोठेबाबांना ते खपणार नाही.

एकाच जागी घासत बसू नका. कागदाचे तंतू निघतात, मग कितीही चांगलं पेन असो, तिथं डाग राहते.

खामगावची_सून
ताई तो कलरलेस ब्लेंडर येतो ना सेटमध्ये, त्याचं काय करायचं? मी मुलाच्या मार्करनं केलं तर रंग मिक्स न होता मधे पांढरट गोल पडला.

फाईनलायनर_वेडी
तो मिक्स करतच नाही गं, तो रंगाला ढकलतो. आत नुसतं सॉल्व्हंट असतं. त्यामुळे ढगाळ डाग, दगडाचा खरबरीतपणा, रेघेबाहेर गेलेला रंग जरा मागे सारणं, असल्या कामाला चांगला. दोन रंग मिसळायला दोघांमधला तिसरा रंगच लागतो. आणि मार्कर आडवे ठेव, उभे ठेवलेस तर एका बाजूची टीप कोरडी पडते.

बर्डीवाला
खोलीत खिडकी उघडी ठेवा हे पण सांगा. बंद खोलीत दोन तास अल्कोहोल मार्कर चालवला की डोकं दुखते. फॅन मात्र डायरेक्ट कागदावर नको, ओलं राहू द्यायचं असते तिथंच वाळून जाते. उन्हाळ्यात आपल्याकडं ४५ डिग्रीला तर पेन उघडलं की शाई उडते, त्यापेक्षा श्रावण बरा.

कोठ्यावरची
श्रावणात कागद दमट होते पण. मी ब्रिस्टल गहू ठेवतो त्या कोठीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला.

आता साज. इथं मजा आली, सगळ्यात जास्त वेळ पण इथंच गेला.

झूल लाल, त्यावर आरसे अन् पिवळं-हिरवं भरतकाम. घड्यांच्या सावल्या मी आधी कूल ग्रेनं केल्या, पूर्ण वाळू दिल्या, मग वरून सरसकट लाल. अल्कोहोलची शाई पारदर्शक असते, खालचा ग्रे वर दिसते अन् घडी आपोआप गडद लाल होते, त्यासाठी चार प्रकारचे लाल विकत घ्यायची गरज नाही. पण लालच्या शेजारी पांढरं अंग आहे, तिथं जीव मुठीत. झूल झाल्यावर अंगाचा ग्रे लालला टेकवायचा नाही, टेकला की लाल ओला होऊन सरळ पांढऱ्यात जाते. म्हणून झुलीलगतचं अंग आधी संपवलं अन् मगच लाल घेतला.

आरसे गोल. प्रत्येक आरशात अर्ध्यापेक्षा कमी भागात गडद ग्रे, बाकी कागद कोरा. सगळे आरसे सारखे करू नका, झूल जिथं वळते तिथला आरसा जवळपास काळाच येऊ द्या.

शेंब्या पितळेच्या. पितळ करताना ते ओल्यात ओलं वगैरे सगळं विसरायचं. धातूला मऊ सावली नसते. फिका पिवळा, त्याला लागून एकदम गडद तपकिरी, त्याला लागून कोरा कागद, मग परत पिवळा. मधे मिसळायचंच नाही. लांबून पाहिलं की चकाकते.

शिंगाला आमच्याकडं हिंगूळ (लाल रंग) लावतात अन् वर बेगड (चकाकता कागद) चिकटवतात. बेगडासाठी पण हेच, फक्त तुकडे वेडेवाकडे.

डोळा सांगते. बैलाच्या डोळ्याची बाहुली गोल नसते, आडवी लांबट असते. गोल काढली की माणसासारखा पाहते अन् भीती वाटते. सगळा डोळा गडद तपकिरी, बाहुली काळी, भोवती काळी कड, गवळाऊच्या पापण्या काळ्याच असतात, अन् वरच्या पापणीची सावली डोळ्यावर पडलीच पाहिजे. चमक शेवटी पांढऱ्या जेल पेननं, एकच ठिपका. जेल पेनच्या वरून मार्कर फिरवू नका, निब खराब होते, म्हणून जेल पेन सगळ्यात शेवटी.

कासरा अन् वेसण नुसत्या बारीक पेननं, पीळ दाखवायला तिरप्या छोट्या रेघा.

तुरीचंवावर
फोटो पाह्यला. ताई खरं सांगतो, जोडी बोलते. पण डाव्या बैलाच्या मठाटीचा गोंडा उजवीकडं कलला हाये अन् उजव्या बैलाचा पन उजवीकडंच. जोडीतले बैल एकमेकाकडं जरासे झुकून असतेत ना, दोघाईचे गोंडे मधात आले पाह्यजे. मोठेबाबा हेच पाह्यतीन पाहा.

कोठ्यावरची
भाऊ, त्या दिवशी वारा होता, मूळ फोटोत पण तसेच आहेत 😄 दोन्ही गोंडे एकाच बाजूला गेले म्हणून तर वारा कळते.

तुरीचंवावर
मंग राहू द्या. शंकरपटातल्या, म्हंजे बैलाईच्या शर्यतीतल्या, फोटोत बी तसंच दिसते, सगळं मागं उडते. आमच्या इकडं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा शर्यतीच्या बाजूनं निकाल आल्यापासून पट लय जोरात हायेत. पुढच्या टायमाले पळती जोडी काढा, गवळाऊ पळाले एक नंबर.

ड्रॉईंगमास्तर
पळती जोडी काढायची तर आधी वर्षभर उभ्या बैलाची स्केचेस कर म्हणतो मी. असो. चित्र उत्तम झालं आहे. भिंतीचा खालचा भाग अजून एक हात गडद कर, पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटतील. आणि खुरांखालची सावली खुराला चिकटलेली असू दे, मधे फट राहिली तर बैल तरंगतो.

कोठ्यावरची
केलं सर. फरक दिसते.

आता फ्रेमचं विचारते. गावात लॅमिनेशन होते, तालुक्याला काचेची फ्रेम मिळते. मोठेबाबा ओसरीत समोरच्या भिंतीवर लावतील हे नक्की, अन् तिथं दुपारून चांगलं ऊन येते.

बर्डीवाला
लॅमिनेशन नको. एवढ्या मेहनतीच्या ओरिजनलवर कोणी गरम रोलर फिरवते का? काचेची फ्रेम घ्या, पण मधे माउंटची पट्टी टाकायला सांगा, कागद काचेला टेकला नाही पाहिजे, पावसाळ्यात ओल धरून चिकटते. आणि उन्हाचं खरं आहे. या मार्करमध्ये बहुतेक डाय असते, पिगमेंट नाही, ऊन लागलं की उडते. सगळ्यात आधी तुमची लाल झूल गुलाबी होईल. ओसरीत लावायचं तर उन्हाकडं पाठ असलेली भिंत पाहा, नाहीतर आत देवघराजवळ. आणि द्यायच्या आधी चांगला स्कॅन करून ठेवा, मोबाईलचा फोटो नाही, स्कॅन.

फाईनलायनर_वेडी
+१ स्कॅनला. आणि मागे तारीख आणि बैलांची नावं लिही गं, पेन्सिलनं. मार्करनं लिहिलंस तर पुढे उमटेल!

कोठ्यावरची
स्कॅन झाला. फ्रेम तालुक्याला टाकली, खांदशेकणीच्या आदल्या दिवशी मिळते म्हणाला. देणार खांदशेकणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या, संध्याकाळी, बैलांना हळद-तूप लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणणं झालं की. ओसरीचं मोठीआईशी बोलून घेतलं, ती म्हणे आतल्या भिंतीवरचं कॅलेंडर मी काढून ठेवतो, ऊन तिथं पोचत नाही. मोठेबाबांना अजून पत्ता नाही, फक्त चुलतभावाला माहीत आहे अन् तो पैसे मागते तोंड बंद ठेवायचे.

खामगावची_सून
ताई एक विनंती, तुमच्या लाईनवर्कची कॉपी मिळेल का? तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीतली पोट्टी लाकडी बैल घेऊन येतात, त्यांना बसवून रंगवायला द्यायचं आहे. मार्कर नाहीत सगळ्यांकडे, स्केचपेन अन् खडू आहेत.

कोठ्यावरची
देते ना. ए४ करून व्यनिमध्ये टाकते. झेरॉक्सवाल्याला थोडं फिकं मारायला सांगा, अन् मी मठाटी अन् झुलीतली नक्षी काढून टाकली आहे, ती पोरांनी आपल्या मनानं भरावी. स्केचपेनवाल्यांना साधा कागद चालते, फक्त पाण्याचे असतात म्हणून एकाच जागी घासले की कागद फाटते, तेवढं पाहा. अन् बैल पांढराच ठेवा असं कोणाला सांगू नका, आमच्या गल्लीतला एक जण दरवर्षी लाकडी बैल निळा करून आणते.